जुन्या बाजारातले कपलर: आधी लोड पारखा, मग कपलर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या जुन्या बाजारातून तुम्ही भंगाराच्या भावात तीन मायक्रोवेव्ह कपलर आणलेत. कपलर म्हणजे लाइनमधून जाणाऱ्या पॉवरचा छोटासा, ठरावीक नमुना बाजूच्या तोंडातून काढून देणारा डबा. एक चार तोंडांचा, एसएमए कनेक्टरवाला, वर काहीही न लिहिलेला छोटा डबा. दुसरा मोबाइलच्या जोडणीतला, तीन एन कनेक्टर असलेला लांबट नळीसारखा. तिसरा कुठल्यातरी उपकरणातून काढलेला, तीन तोंडांचा, लेबल फाटलेलं, त्यावर फक्त '२०' वाचता येतंय. हाताशी ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा नॅनोव्हीएनए (सिग्नल किती पार जातो आणि किती परत येतो ते मोजणारं छोटं यंत्र) आहे, मल्टिमीटर आहे, दोन-चार पॅड (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारे) आहेत. यातला एखादा कपलर हौशी रेडिओच्या क्यूओ-१०० उपग्रहाच्या २४०० मेगाहर्ट्झ अपलिंकवर (उपग्रहाकडे पाठवायच्या वाटेवर) पॉवर आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघायला कायमचा लावायचाय. कुठला लावावा, आणि त्याच्या रीडिंगवर कितपत भरवसा ठेवावा?

तिन्ही घरी तपासता येतील, आणि नीट तपासता येतील. तीसेक वर्षं आरएफच्या टेबलावर गेल्यानंतर माझं मत पक्कं झालंय की कपलर तपासताना लोकांची फसगत बहुतेक वेळा कपलरमुळे होत नाही, त्याला लावलेल्या लोडमुळे, म्हणजे आलेली पॉवर गिळणाऱ्या ५० ओहमच्या टोकामुळे होते. म्हणून उत्तराचा मोठा भाग लोडवरच जाईल. पण सुरुवात मल्टिमीटरपासून करू.

त्याआधी दोन मिनिटं कनेक्टरकडे द्या. दागिने बघायचं भिंग घ्या आणि प्रत्येक तोंडात डोकावा. मादी एसएमएच्या मधल्या पिनेला चार छोट्या पाकळ्या असतात. त्यातली एखादी बाहेर वाकलेली किंवा तुटलेली असेल तर ते तोंड गेलं असं समजा. पिन डायलेक्ट्रिकच्या पुढे आलेली दिसली तर तिथे तुमचा चांगला केबल लावूच नका, त्याचीही पिन मागे ढकलली जाईल. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टोकदार काडीला गुंडाळलेला कापूस पुरतो. घट्ट करताना फक्त नट फिरवायचा, कनेक्टरची बॉडी स्थिर धरायची. पितळी एसएमएला साधारण अर्धा न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, स्टेनलेसला त्याच्या दुप्पट. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना दोन बोटांनी धरून जेवढा बसेल तेवढाच. एन कनेक्टरमध्ये ७५ ओहमची जातही बाजारात फिरते, तिची मधली पिन बारीक असते. ५० ओहमचा नर ७५च्या मादीत घातला तर मादी फाकते आणि नंतर कशालाच नीट धरत नाही.

आता मल्टिमीटर. तीन तोंडांच्या कपलरमध्ये मुख्य पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. त्यामुळे इन आणि आऊटच्या मधल्या पिना एकमेकींना जोडलेल्या दिसतात आणि बॉडीशी ओपन. दुसरी, म्हणजे कपल्ड पट्टी, एका टोकाला बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाला आत दडवलेल्या ५० ओहमच्या लोडवर संपते. म्हणून कपल्ड तोंडाची पिन ते बॉडी मोजलंत की ५० ओहमच्या आसपास यायला हवं. ४८ ते ५२ आलं तर छान. ओपन आलं तर आतला लोड जळलाय.

हा लोड जळतो कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. कपलर सुलटा असताना त्या आतल्या लोडवर जवळपास काहीच येत नाही. कोणीतरी तो उलटा लावला, किंवा अँटेना तुटली आणि सगळी पॉवर परत आली, की तीच कपल्ड पॉवर आतल्या लोडवर जाते. १० डीबीचा, म्हणजे दहावा भाग बाजूला काढणारा कपलर ५० वॉटवर उलटा लावला तर ५ वॉट त्या इवल्याशा रेझिस्टरवर पडतात. आणि लोड गेल्यावरही कपलर जिवंत असल्यासारखाच वागतो. पुढे जाणारी पॉवर बरोबर दाखवतो, कपलिंगही (नमुना किती डीबी खाली येतो ते) बरोबर येतं. गेलेली असते फक्त दिशेची ओळख, कारण उलट येणारी लहर त्या ओपन टोकावर आपटून सरळ कपल्ड तोंडातून बाहेर येते. भंगारात असे कपलर बरेच असतात, आणि फक्त कपलिंग बघून घेणारा त्यांना चांगला म्हणून घरी नेतो.

तुमच्या एन कनेक्टरवाल्यात आणखी एक धोका आहे. इमारतीच्या आत मोबाइलचा सिग्नल पोचवणाऱ्या जोडणीत कपलर लागतात, तसेच टॅपरही लागतात. बाहेरून दोन्ही सारखेच: तीच नळी, तीच तीन तोंडं, तेच ६, १०, १५ डीबीचे आकडे. पण टॅपर म्हणजे असमान वाटणी करणारा साधा डिव्हायडर. त्यात आतला लोड नसतो आणि त्याला दिशा कळत नाही. पॉवर कुठूनही येऊ दे, तो तेवढीच काढून देतो. मल्टिमीटरवर कपल्ड तोंडाशी ५० ओहम दिसले नाहीत तर तो एकतर जळका कपलर आहे किंवा टॅपर. एसडब्ल्यूआर बघायला दोन्ही निरुपयोगी. टॅपर फेकू मात्र नका, फक्त पॉवरचा नमुना काढायला तो उत्तम चालतो.

चार तोंडांच्या डब्याचं कोडं मल्टिमीटरच सोडवतो. दोन शक्यता आहेत. मुख्य वाटेची दोन तोंडं सोडून उरलेल्या दोन पिना एकमेकींना जोडलेल्या आणि बॉडीशी ओपन असतील, तर आत एकच कपल्ड पट्टी आहे आणि तिची दोन्ही टोकं बाहेर काढलीत. अशात एका तोंडावर मोजताना दुसऱ्यावर चांगला ५० ओहम लोड लावलाच पाहिजे, त्या लोडची गुणवत्ता हीच कपलरची गुणवत्ता. त्या दोन्ही पिना बॉडीशी स्वतंत्रपणे ५० ओहम दाखवत असतील, तर आत पाठीला पाठ लावलेले दोन कपलर आहेत आणि प्रत्येकाला आपापला लोड आहे. हा दुसरा प्रकार मिळाला तर नशीब म्हणा, कारण पुढची आणि मागची रीडिंग एकमेकांना बिघडवत नाहीत. मुख्य पिनच बॉडीशी शॉर्ट दिसली तर घाबरू नका. ट्रान्सफॉर्मरवर बनवलेल्या, कमी फ्रीक्वेन्सीच्या कपलरमध्ये तसं असतं. तो २४०० मेगाहर्ट्झच्या कामाचा नसण्याची शक्यता मात्र मोठी.

कुठलं तोंड पुढच्या लहरीचं, यात नवखे हमखास चुकतात. शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन पट्ट्यांच्या कपलरमध्ये कपल्ड पॉवर इनपुटच्या बाजूच्या तोंडातून बाहेर येते, आऊटपुटच्या बाजूच्या नव्हे. दोन पट्ट्यांमधलं विद्युत कपलिंग आणि चुंबकीय कपलिंग मागच्या दिशेला एकमेकांत मिळतात आणि पुढच्या दिशेला एकमेकांना खोडतात, म्हणून असं होतं. या खोडण्यातूनच डिरेक्टिव्हिटी, म्हणजे पुढची आणि मागची लहर वेगळी ओळखण्याची क्षमता, येते. म्हणजे इन आणि आऊट ठरवताना साधा नियम असा, की पुढची पॉवर दाखवणारं तोंड ज्या टोकाजवळ, ते टोक ट्रान्समीटरकडे.

आता नॅनोव्हीएनए. पूर्ण ३ गिगाहर्ट्झचा पल्ला ठेवून कॅलिब्रेट करू नका. एकदा रुंद बघून घ्या आणि मग २३०० ते २५०० मेगाहर्ट्झवर नव्याने कॅलिब्रेशन करा. हा एकाच दिशेने मोजणारा यंत्रप्रकार आहे. दुसऱ्या पोर्टचा मॅच (५० ओहमशी जुळणी) तो सुधारत नाही, म्हणून त्या पोर्टवर ६ किंवा १० डीबीचा पॅड कायम ठेवून, पॅडसकट कॅलिब्रेट करावं. पण पॅड फुकट मिळत नाही, तेवढा पल्ला खातो. कॅलिब्रेशन झालं की दोन्ही पोर्टवर लोड लावून एस-२१चा, म्हणजे पहिल्या पोर्टमधून दुसऱ्यात पोचणाऱ्या सिग्नलचा, तळ बघा. समजा तळ उणे ६५ वर आहे आणि तुमच्या कपलरचं आयसोलेशन (उलट दिशेची लहर कपल्ड तोंडात किती डीबी खाली येते ते) ५० आहे. तर मध्ये १५ डीबी उरतात, आणि रीडिंग दीड डीबी इकडे-तिकडे होऊ शकतं. सिग्नल तळाच्या २० डीबी वर असेल तर चूक एका डीबीच्या आत येते, फक्त १० वर असेल तर ३ डीबीपर्यंत जाते. मोजताना केबलवरून हात फिरवून बघा. रेषा हलली तर एकेरी जाळीचा केबल गळतोय, आणि तुम्ही कपलर नाही, गळती मोजताय.

कपलिंग मोजणं सोपं. इनमध्ये पहिला पोर्ट, कपल्डवर दुसरा पोर्ट, आऊटवर लोड. इथे लोड साधारण असला तरी भागतं, कारण त्याचं परावर्तन कपल्ड तोंडापर्यंत पोचायच्या आधी डिरेक्टिव्हिटीने दाबलं जातं. मुख्य वाटेतला लॉसही बघून घ्या. १० डीबीच्या कपलरमध्ये नुसत्या कपलिंगमुळेच ०.४६ डीबी जातात, तो दोष नाही. २० डीबीच्या कपलरमध्ये ०.०४. त्यामुळे '२०'वाल्यात अर्धा डीबी लॉस दिसला तर कनेक्टरवर संशय घ्या.

रुंद पल्ल्यात कपलिंगची रेषा बघितली की कपलर कुठल्या बँडचा आहे तेही कळतं, लेबल फाटलेलं असलं तरी. एकाच पाव-तरंगलांबीच्या पट्टीचा कपलर असेल तर मधल्या फ्रीक्वेन्सीला सर्वात जास्त कपलिंग आणि दोन्ही बाजूंना हळूहळू उतार. बरोबर दुप्पट फ्रीक्वेन्सीला ते शून्याकडे कोसळतं. खालच्या बाजूला मध्यापासून फ्रीक्वेन्सी पहिल्यांदा निम्मी झाली की सुमारे ३ डीबी उतरतं, बरंच खाली गेल्यावर मात्र दर वेळी निम्मी झाली की सुमारे ६. म्हणजे १७०० मेगाहर्ट्झ मध्य असलेला २० डीबीचा असा कपलर १४५ मेगाहर्ट्झवर ३७ डीबीच्या आसपास देईल. तो वाया गेलेला नाही, उतार लिहून ठेवला तर व्हीएचएफवरही वापरता येतो.

खरं काम आता सुरू होतं. डिरेक्टिव्हिटी मोजायला कपलर उलटा करायचा: आऊटमधून सिग्नल द्यायचा, इनवर लोड, कपल्डवर दुसरा पोर्ट. आलेला आकडा म्हणजे आयसोलेशन. त्यातून कपलिंग वजा केलं की डिरेक्टिव्हिटी. कागदावर इतकं सोपं. पण या वेळी इनवरच्या लोडचं परावर्तन कपलरसाठी पुढची लहर असतं. ते पूर्ण कपलिंगने कपल्ड तोंडात येतं आणि कपलरच्या स्वतःच्या गळतीत मिसळतं. कधी बेरीज होते, कधी वजाबाकी. तुम्हाला दिसतो तो या दोघांचा हिशेब.

आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर अगदी तुमच्यासारखाच एक बेनाव तीन तोंडांचा कपलर होता. मल्टिमीटरवर बरोबर ५० ओहम, कपलिंग सपाट, आणि डिरेक्टिव्हिटी २४०० वर जेमतेम १३ डीबी. तो मी खोक्यात टाकून दिला. महिनाभराने दुसऱ्याच कामात लक्षात आलं की त्या दिवशी लावलेला सोनेरी रंगाचा छोटा लोड २४०० मेगाहर्ट्झवर फक्त १४ डीबी रिटर्न लॉस (परत येणारी लहर किती डीबी खाली आहे ते) देत होता. कपलर बाहेर काढला, चांगला लोड लावला, डिरेक्टिव्हिटी २७ आली. तो कपलर आजही माझ्या वापरात आहे. त्या दिवशी मी लोडची परीक्षा घेतली आणि निकाल कपलरच्या नावावर लिहिला होता.

म्हणून आधी लोड. पण लोड नॅनोव्हीएनएवर तपासायचा म्हटलं तर एक मेख आहे. कॅलिब्रेशनला वापरलेला लोड यंत्र परिपूर्ण मानतं. तोच परत लावून ४५ डीबी रिटर्न लॉस आला म्हणून खूश होणं म्हणजे स्वतःचा पेपर स्वतःच तपासणं. माझी पद्धत अशी: वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले तीन-चार लोड जमवायचे आणि एकाने कॅलिब्रेट करून बाकीचे मोजायचे. मग दुसऱ्याने कॅलिब्रेट करून पुन्हा. ज्या दोघांचं किंवा तिघांचं एकमेकांशी ३० डीबीच्या वर पटतं, ते बहुधा खरे. जो सगळ्यांशी भांडतो तो खोटा. चांगला २० डीबीचा पॅड असेल तर तोही लोड म्हणून वापरता येतो, पलीकडचं टोक उघडं असलं तरी परत येणारी लहर ४० डीबी खाली जाते, उरतो तो फक्त पॅडचा स्वतःचा मॅच. पातळ आरजी-१७४ केबलची गुंडाळीही चालते. १ गिगाहर्ट्झला त्यात मीटरमागे साधारण १ डीबी जातो आणि २४०० वर त्याहून बराच जास्त, त्यामुळे पंधरा मीटर केबल म्हणजे जाता-येता ४० डीबीच्या वर. फक्त पुढचा कनेक्टर नीट बसवलेला हवा, तिथलं परावर्तन सगळी कमाई घालवतं.

आणि आता ती युक्ती, जिच्यामुळे महागड्या सरकत्या (लाइनमध्ये पुढे-मागे सरकवता येणाऱ्या) लोडशिवाय घरी भागतं. कपलर आणि लोड यांच्या मध्ये लांबी वाढवत जा. २४०० मेगाहर्ट्झला हवेत तरंगलांबी १२५ मिलिमीटर, टेफ्लॉन भरलेल्या अडॅप्टरमध्ये साधारण ८७. परावर्तन जाऊन परत येतं, म्हणून अर्ध्या तरंगलांबीत, म्हणजे ४४ मिलिमीटरमध्ये त्याची फेज पूर्ण फिरते. एसएमएचे नर-मादी छोटे अडॅप्टर एक, दोन, तीन असे जोडत प्रत्येक वेळी रीडिंग लिहा. आकडा हलला नाही तर तो कपलरचाच, लोडला दोष नाही. आकडा नाचला तर सर्वात वाईट आणि सर्वात चांगला असे दोन घ्या.

समजा वाईटात वाईट डिरेक्टिव्हिटी २१.८ आली आणि चांगल्यात चांगली ३४.७. डीबीतून साध्या प्रमाणात आणा: ०.०८१६ आणि ०.०१८४. बेरजेचं निम्मं ०.०५, वजाबाकीचं निम्मं ०.०३१६. पुन्हा डीबीत: २६ आणि ३०. म्हणजे कपलर आणि लोड यांतला एक २६चा आहे आणि दुसरा ३०चा. कोण कोणता ते हे गणित सांगत नाही. दुसरा लोड लावून तेच पुन्हा करा. जो आकडा दोन्ही खेपेला तसाच राहतो, तो कपलरचा. बघा, या उदाहरणात एकच मोजमाप घेऊन थांबला असता तर लांबीच्या योगायोगाने तुम्ही या कपलरला २२चा म्हणाला असता किंवा जवळपास ३५चा, आणि दोन्ही चूक. अडॅप्टरही थोडंफार परावर्तन करतात, त्यामुळे ३०च्या वरच्या आकड्यांवर घरी फार वाद घालू नये. पण २० की ३०, एवढं या पद्धतीने ठामपणे कळतं.

तुमच्या कामाला किती लागते? डिरेक्टिव्हिटी १५ असेल तर अगदी निर्दोष अँटेनाही एसडब्ल्यूआर १.४३ दाखवेल. २० असेल आणि अँटेनाचा खरा एसडब्ल्यूआर १.२२ असेल, तर मीटरवर १ पासून १.५ पर्यंत काहीही दिसू शकतं. म्हणून अँटेना जुळवायची असेल तर २५च्या खाली जाऊ नये. नुसता 'कनेक्टर सुटला किंवा पाणी शिरलं' असा इशारा हवा असेल तर २० पुरे.

तुमच्या तिघांबद्दल माझा अंदाज सांगतो. एनवाला ५० ओहम दाखवत असेल तर बहुधा तोच लाइनमध्ये लावण्याजोगा. असे बरेच नग ८०० ते २५०० किंवा ६९८ ते २७०० मेगाहर्ट्झसाठी बनवलेले असतात, पॉवर सहज झेलतात, आणि त्यांच्याकडून २०-२२ची डिरेक्टिव्हिटी अपेक्षित धरावी. '२०'वाला जर खरंच २० डीबीचा आणि २ गिगाहर्ट्झच्या वरचा निघाला तर तो छतावर लावू नका, टेबलावर रिटर्न लॉस मोजायला ठेवा. उपकरणातले कपलर बहुतेक वेळा नेमके असतात आणि उन्हापावसात वाया जातात. बेनाव डब्यात दोन स्वतंत्र लोड सापडले तर मात्र माझा निर्णय बदलेल. मग तोच लाइनमध्ये, अर्थात त्याचा बँड २४०० ला पोचत असेल तर.

आतला लोड जळलेला निघाला आणि डबा उघडावासा वाटला तर एक कळकळीची विनंती. मोठ्या पॉवरच्या लोडमध्ये आणि पॅडमध्ये पांढऱ्या सिरॅमिकचा तुकडा असतो, तो बेरिलियम ऑक्साइडचा असू शकतो. तसाच पडून असेल तर त्रास नाही, पण त्याची धूळ श्वासात जाणं फुफ्फुसांसाठी घातक आहे. घासू नका, ड्रिल मारू नका, फोडू नका. फुटलेला दिसला तर डबा तसाच बंद करा आणि बाजूला ठेवा.

पॉवर देण्याआधी हिशेब करा. ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डीबी). २० डीबीच्या कपलरमधून १७ डीबीएम बाहेर येतात, तेवढ्याने टायनीएसए (छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर) किंवा एडी-८३१८ चिपचा पॉवर डिटेक्टर खराब होऊ शकतो. मध्ये २० डीबीचा पॅड घाला, मग उणे ३ डीबीएम उरतात. डिटेक्टर साधा असेल तर ट्रान्समीटरचे हार्मोनिकही (दुप्पट-तिप्पट फ्रीक्वेन्सीचे नको असलेले सिग्नल) त्यात मोजले जातात. उलट दिशेच्या तोंडावर हे जास्त बोचतं, कारण बँडबाहेर कपलरची डिरेक्टिव्हिटी ढासळलेली असते आणि खरी मागे येणारी पॉवर आधीच थोडी असते. डिटेक्टरच्या आधी लो-पास फिल्टर लावला की ते मिटतं.

पहिली खेप डमी लोडवर, एक वॉटच्या आत. पुढचं आणि मागचं रीडिंग लिहा, कपलर उलटा करून तेच पुन्हा लिहा, आणि दोन्ही व्हीएनएच्या आकड्यांशी एका डीबीच्या आत जुळतात का बघा. जुळले की डब्यावर कागदी पट्टी चिकटवून २४०० वरचं कपलिंग, डिरेक्टिव्हिटी, तारीख आणि मोजताना वापरलेला लोड पेन्सिलने लिहून ठेवा. तिन्ही कपलरची मल्टिमीटरची रीडिंग आधी कळवा, त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.